क्लार्क स्ट्रीटला न पोचलेलं जहाज

तुमचे तळहात चिकट झालेत. राळेचा चीक आहे तो, साबणानं सहज जायचा नाही. सकाळपासून तुम्ही झाडं उचलताय. स्प्रूसची आणि बाल्सम फरची कोवळी झाडं, माणसाच्या उंचीची, काही त्याहून मोठी. फांद्या वरच्या बाजूला दाबायच्या, सुतळीनं आवळायच्या आणि झाड पुढच्या माणसाच्या हाती द्यायचं. तो त्याच्या पुढच्याला देतो. अशी रांग धक्क्यावरून थेट जहाजाच्या पोटात उतरते.

तारीख 22 नोव्हेंबर 1912, वार शुक्रवार. तुम्ही उभे आहात तो लाकडी धक्का मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पातल्या थॉम्प्सन या छोट्या बंदराचा. समोर क्षितिजापर्यंत पाणी पसरलंय. ओंजळीत घेऊन चाखून बघा, गोडं लागेल. हा मिशिगन तलाव, उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतला एक. लांबी जवळजवळ पाचशे किलोमीटर, रुंदी 190 किलोमीटरपर्यंत, सर्वांत खोल जागी 281 मीटर. आपल्याकडच्या तलावांचा हिशेब इथं चालत नाही. वादळात हे पाणी समुद्रासारखंच उठतं, आणि इथल्या लाटा एकमेकींच्या जास्त जवळ असतात. एका लाटेखालून जहाजाची नाळ वर यायच्या आत दुसरी लाट तिच्यावर आदळते. समुद्रावर आयुष्य घालवलेले खलाशीसुद्धा या सरोवरांना वचकून असत.

जहाजाचं पोट भरलं, तरी झाडं संपलेली नाहीत. उरलेली डेकवर रचली जातात, डोलकाठ्यांभोवती, दोन्ही कठड्यांना टेकून, एकावर एक. एकूण किती? पुढे कुणी तीन हजार म्हणेल, कुणी पाच हजार. दुरून बघणाऱ्याला वाटेल, रानाचा एक तुकडाच शिडं लावून निघालाय.

जरा बाजूला होऊन हे जहाज नीट बघून घ्या. नाव 'राउस सिमन्स'. तीन डोलकाठ्यांची स्कूनर, लांबी 123 फुटांहून थोडी जास्त, रुंदी सुमारे 27 फूट. वय 44 वर्षं. गोड्या पाण्यातल्या लाकडी जहाजालाही 44 वर्षं पुष्कळ झाली, त्यातून हिनं सगळा जन्म ओझी वाहिलीत. ही बोट बुडाल्यावर लोक सांगू लागले की निघायच्या आधी तिच्यावरून उंदीर उतरताना दिसले होते आणि ते पाहून काही खलाशांनी पाय मागे घेतला. बुडालेल्या प्रत्येक जहाजामागे अशी गोष्ट लागते. मला ती महत्त्वाची वाटत नाही. उंदीर उतरले असोत वा नसोत, 44 वर्षांच्या लाकडावर किती भार चढतोय ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

डेकवर उभा असलेला तो मध्यमवयीन, मिशाळ माणूस म्हणजे कप्तान हर्मन शूनेमन. शिकागोत मुलं त्याला 'कॅप्टन सांता' म्हणतात. जहाज मात्र त्याचं नाही. त्याची भागी फक्त एक अष्टमांश. तेवढीच भागी असलेला दुसरा कप्तान चार्ल्स नेल्सन हाही आज बोटीवर आहे, आणि मोठा हिस्सा बीव्हर बेटावरच्या मॅनस बॉनरचा. खलाशांबरोबर काही लाकूडतोडेही चढलेत. रानातलं काम उरकलंय, सणाला घरी जायचंय आणि आगगाडीचं भाडं वाचतंय. चढणाऱ्यांची यादी कुणी केलेली नाही. म्हणून या जहाजावर नेमके किती जीव होते ते कधीच कळणार नाही. कुणी अकरा म्हणतं, कुणी सोळा-सतरा, कुणी त्याहून जास्त.

पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. तो सण झाला की शिकागोत झाडांची विक्री सुरू होते आणि आधी पोचेल त्याला भाव मिळतो. थॉम्प्सनपासून शिकागो पाण्यानं सुमारे तीनशे मैल. दुपार होतेय. दोरखंड सुटतात, शिडं वर चढतात.

तुम्हाला चढायचंय का? मी म्हणेन, नका चढू. पुढे त्या डेकवर काय झालं याचा एकही साक्षीदार उरणार नाही, आणि जिथं साक्षीदार नाही तिथं उभं राहून मी तुम्हाला काही दाखवलं तर ती माझी कल्पना होईल. आपण किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊ. पण त्याआधी थोडं मागे.

1868, मिलवॉकी. अ‍ॅलन, मॅक्लेलन आणि कंपनीच्या गोदीत हीच स्कूनर कोरी करकरीत उभी आहे. ओल्या लाकडाचा वास, फटींत ताग ठासणाऱ्या मोगऱ्यांचा ठोका, वरून ओतलेलं गरम डांबर. तळ चपटा आहे, आणि त्याच्या मधोमध एक भलीमोठी फळी, वर-खाली करता येणारी. उथळ बंदरात ती वर ओढून घ्यायची, मोकळ्या पाण्यात खाली सोडायची, म्हणजे बाजूनं वारा लागला तरी जहाज आडवं घसरत नाही. सरोवराच्या काठची बंदरं म्हणजे बहुतेक नद्यांची गाळानं भरलेली मुखं, त्यांच्यासाठी हा बेत अगदी नेमका. बोटीला नाव दिलंय केनोशा गावातल्या एका व्यापाऱ्याचं. या सुमाराला पाचही सरोवरांवर मिळून अठराशेच्या आसपास शिडाची जहाजं फिरताहेत. शिडांच्या जहाजांचा इथला हा सर्वांत भरभराटीचा काळ, आणि आपली बोट नेमकी त्याच काळात पाण्यात उतरतेय.

मग येतात लाकडाची वर्षं. मस्केगॉनचा लाकूडसम्राट चार्ल्स हॅकले हिला आपल्या ताफ्यात घेतो. मिशिगनचा पांढरा पाइन कापायचा, फळ्या पाडायच्या, शिकागोला पोचवायच्या. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो जळतं आणि सगळं शहर पुन्हा उभारायला लाकूड लागतं. फळ्या भरून दक्षिणेला जायचं, रिकामं उत्तरेला यायचं, की पुन्हा फळ्या. दोन-तीन दशकं अशी जातात. जंगलं संपत येतात, आगगाडी पोचते, वाफेची पोलादी जहाजं येतात. शिडाच्या जहाजांना मिळेल तो माल घ्यावा लागतो, मिळेल त्या भाड्याला. दुरुस्तीला पैसा उरत नाही. दुरुस्ती नाही म्हणून विमा नाही, चांगला माल नाही, म्हणून पुन्हा पैसा नाही. म्हाताऱ्या झालेल्या त्या स्कूनरांना अखेरीस जो माल उरला त्यात नाताळची झाडं होती. वर्षाअखेरीची एकच फेरी, तीही सरोवराच्या सर्वांत वाईट महिन्यात, नोव्हेंबरात. झाड आधी तोडून ठेवलं तर सुकतं. तेव्हा ही फेरी पुढे ढकलता येत नाही आणि मागे घेता येत नाही.

हर्मनला हे सगळं माहीत होतं. तो 1865 च्या सुमाराला विस्कॉन्सिनमधल्या अहनापी गावी जन्मला, ज्याला आता अल्गोमा म्हणतात. गावात बहुतेक जर्मन, आणि गाव सरोवराच्या काठावर. त्याचा थोरला भाऊ ऑगस्ट याच धंद्यात होता. 1898 च्या नोव्हेंबरात ऑगस्ट 'एस. थाल' नावाची दोन डोलकाठ्यांची बोट झाडांनी भरून शिकागोकडे निघाला आणि शहराच्या जरा उत्तरेला, ग्लेनकोजवळ, वादळात बोटीसकट गेला. कुणी वाचलं नाही. हर्मन त्या फेरीला गेला नव्हता. त्याच्या घरी महिन्याभराच्या जुळ्या मुली होत्या, हेझल आणि पर्ल. थोरली एल्सी तेव्हा सहा वर्षांची.

पुढच्या वर्षी हर्मन झाडं आणायला पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही गेला.

आता चला शिकागोत, 1911 च्या डिसेंबरात. क्लार्क स्ट्रीटचा पूल. खाली शिकागो नदी, काळी, तेलकट, कोळशाच्या धुरानं झाकलेली. पुलावरून घोडागाड्या, ट्राम, अधूनमधून एखादी मोटार. आणि पुलाच्या कठड्यावरून वाकून बघितलंत की पाण्यालगत दिवे दिसतात. विजेच्या बल्बांच्या माळा शिडाच्या दोरांवर चढवल्या आहेत. डोलकाठीच्या टोकाला एक झाड बांधलंय, दोन गल्ल्या पलीकडूनही जहाज कुठं लागलंय ते कळावं म्हणून.

फळीवरून डेकवर उतरा, पण जपून, फळीवर बर्फ आहे. इथं नदीचा वास एकदम मागे पडतो आणि रानाचा वास येतो. शहरात जन्मलेली मुलं डेकवर पळताहेत आणि ज्यानं त्यानं एकेक झाड धरून ठेवलंय. जर्मन कानावर पडतं. लहान झाड पन्नास सेंट, चांगलं भरदार असेल तर एक डॉलर. मधला व्यापारी कुणी नाही. ज्यानं झाड रानातून आणलं तोच तुमच्या हातात देतो, म्हणून ते दुकानापेक्षा स्वस्त. केबिनमध्ये बार्बरा शूनेमन आणि मुली फांद्यांच्या माळा आणि वर्तुळाकार हार विणताहेत. तिथं थोडा वेळ थांबा आणि त्यांची बोटं बघा. बारीक फांदीचं टोक आधीच्या फांदीच्या बुडावर ठेवायचं, तारेचा वेढा द्यायचा, ओढायचं, पुन्हा पुढची फांदी. फरच्या सुया मऊ असतात, स्प्रूसच्या टोचतात. दिवसभर हे काम केलं की बोटांच्या पेरांवर बारीक लाल ठिपके उठतात. हर्मनच्या दातृत्वाच्या गोष्टी शिकागोत खूप सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्याही आहेत. गरीब घरांना, चर्चना तो झाडं फुकट देत असे. पण नफ्यात या हारांचाही वाटा असतो, आणि हार विणतात त्या या चौघी. तेवढं लक्षात असू द्या.

त्या नफ्याची त्यांना गरजही होती. चारच वर्षांपूर्वी, 1907 मध्ये, हर्मननं दिवाळखोरी जाहीर केली होती. हसऱ्या 'कॅप्टन सांता'ची जी चित्रं पुढे निघाली त्यांत हे कधी दिसलं नाही. मला वाटतं, ते दिसायला हवं. 44 वर्षांच्या बोटीवर इतकी झाडं का चढवली गेली, याचं उत्तर त्या कोर्टाच्या कागदात जास्त सापडेल आणि उंदरांच्या गोष्टीत कमी.

(जाता जाता एक. तुम्ही उभे आहात तिथून काही पावलांवर, याच नदीत, 1915 च्या जुलैत 'ईस्टलँड' ही सहलीची आगबोट धक्क्याला बांधलेली असताना कलंडणार आहे आणि 844 माणसं मरणार आहेत. वादळ नाही, खोल पाणी नाही, भर सकाळ. या नदीकाठी उभं राहिल्यावर ते न सांगणं मला जमत नाही.)

पुढे चला. 23 नोव्हेंबर 1912, शनिवार दुपार, किवॉनी, विस्कॉन्सिन. सरोवराचा पश्चिम किनारा.

हे जीवरक्षक दलाचं ठाणं. तुम्ही टेहळणीच्या मनोऱ्यात आहात. वायव्येचं वादळ सुटलंय. वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतोय, त्यामुळे किनाऱ्याजवळ लाटा फसव्या, बेताच्या दिसतात. खरं पाणी पाच-सहा मैल आत आहे. पहाऱ्यावरचा माणूस दुर्बीण खाली घेतो, काच पुसतो, पुन्हा डोळ्याला लावतो. घड्याळात दोन वाजून पन्नास मिनिटं. तो ठाण्याचे प्रमुख नेल्सन क्रेट यांना वर बोलावतो.

क्रेट दुर्बीण घेतात. मग तुम्हीही बघा. आग्नेयेला, पाण्याच्या कडेवर, तीन डोलकाठ्यांची स्कूनर. थोडीच शिडं उरलीत. पाण्यात खूप खाली बसलीय. आणि निशाण काठीच्या अर्ध्यावर उतरवलेलं.

सात महिन्यांपूर्वी, एप्रिलात, 'टायटॅनिक' बुडालं तेव्हा बिनतारी संदेश शेकडो मैल गेले होते. या बोटीवर बिनतारी यंत्र नाही. मदत हवी हे जगाला सांगायचा तिच्याकडे एकच मार्ग आहे, ते अर्ध्यावरचं कापड. आणि ते ओळखायला काठावर कुणीतरी त्याच वेळी, त्याच दिशेला, दुर्बीण लावून बसलेलं असावं लागतं. बसलेलं होतं. तिथवर सगळं नीट झालं.

आता क्रेट यांच्या जागी उभे राहा. ठाण्यात वल्ह्यांची नाव आहे. स्कूनर पाच-सहा मैलांवर, वारा पाठीला घेऊन दक्षिणेकडे धावतेय. वल्हवणारी माणसं कितीही तगडी असली तरी त्या अंतरानं पुढे गेलेल्या, वाऱ्यावर धावणाऱ्या जहाजाला गाठू शकत नाहीत. इंजिनाची बोट हवी. क्रेट गावात इंजिनाची टग मिळते का ते बघतात. जी होती ती आधीच बाहेर गेलीय. वीस मिनिटं यात जातात. मनोऱ्यातून बघत राहिलात तर तेवढ्या वेळात स्कूनर आणखी खाली सरकलेली दिसते.

तीन वाजून दहा मिनिटं. क्रेट टेलिफोनवर जातात. दक्षिणेला वीसेक मैलांवर टू रिव्हर्सचं ठाणं आहे, आणि तिथं इंजिनाची जीवरक्षक बोट आहे. स्कूनर त्याच दिशेनं चाललीय. फोन लागतो. तिकडे कप्तान जॉर्ज सॉगी आपल्या माणसांना हाक मारतात.

माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत विश्वासानं सांगता येईल असा भाग हा एवढाच: दोन पन्नास ते तीन दहा, वीस मिनिटं, एक दुर्बीण, एक टेलिफोन. दोन ठाण्यांच्या रोजनिशीत तो लिहिलेला आहे. शंभर वर्षांत या जहाजावर गाणी झाली, नाटकं झाली, पुस्तकं झाली. पण बोटीचं शेवटचं वर्णन ज्यांनी केलं ते लोक रोजनिशी भरणारे सरकारी नोकर होते, आणि त्यांनी साध्या वाक्यांत दिशा, अंतर, वारा आणि वेळ तेवढी लिहून ठेवली. आपल्याला आज जे काही माहीत आहे ते त्यांच्यामुळे.

टू रिव्हर्सच्या बोटीत बसा. ती उत्तरेकडे निघते, रॉली पॉइंटला वळसा घालते. या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. तुमच्या हाताशी जेमतेम तासभर उजेड आहे. समोरून वारा, अंगावर पाणी, पाणी पडेल तिथं गोठतंय. मग अंधार, त्यात बर्फाचं धुकं. सॉगींची माणसं पाण्यावर शोधत राहतात. त्यांच्या अंदाजाप्रमाणे स्कूनर एव्हाना त्यांच्या समोर यायला हवी.

ती दिसत नाही. नंतरच्या कित्येक कहाण्यांत सॉगींना बर्फानं मढलेलं जहाज क्षणभर दिसतं आणि हिमवादळाचा पडदा पडतो. वाचायला ते छान आहे. रोजनिशीत तसं नाही.

शिकागोत थँक्सगिव्हिंग येतं आणि जातं. क्लार्क स्ट्रीटच्या पुलावर लोक येऊन विचारतात, जहाज लागलं का? वर्तमानपत्रांत आधी 'उशीर' छापून येतो, मग 'बेपत्ता'. बार्बरा आशा सोडत नाही, कारण वादळात स्कूनर एखाद्या बेटाच्या आडोशाला आठवडाभर अडकून पडणं नवं नव्हतं. डिसेंबर उजाडतो तसा विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर मासेमारांच्या जाळ्यांत झाडं येऊ लागतात. सुतळीनं आवळलेली.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. 1924 चा एप्रिल, टू रिव्हर्स. एका मासेमारी बोटीचं जाळं वर ओढलं जातं आणि माशांबरोबर मेणकापडात गुंडाळलेलं, रबर लावून बांधलेलं पुडकं डेकवर पडतं. आत पैशाचं पाकीट. कागद वाचता येतात. हर्मन शूनेमनचं पाकीट. साडेअकरा वर्षं तळाशी होतं. कागद ओले होऊ नयेत म्हणून ते पुडकं बांधणाऱ्या माणसानं किती काळजीनं बांधलं असेल, ते त्या कोरड्या कागदांवरून कळतं.

आणि मग 1971, ऑक्टोबरची अखेर. आता तुम्हाला पाण्याखाली उतरायचंय. मिलवॉकीचा पाणबुड्या केंट बेलरिचर्ड खरं तर दुसरीच बोट शोधत होता, 1887 मध्ये बुडालेली 'व्हर्नन' आगबोट. सोनारवर तळाशी काहीतरी उंच दिसलं. तो उतरला.

त्याच्या मागोमाग दोर धरून खाली चला. दहा मीटर, वीस मीटर, हिरवा उजेड राखाडी होतो, मग तोही जातो. इथं पाण्याचं तापमान चार अंशांच्या आसपास. सुमारे पन्नास मीटरवर तळ. आणि तळावर सरळ, ताठ बसलेलं जहाज. बेलरिचर्डचा दिवा त्या पहिल्या बुडीत बंद पडला, म्हणून त्यानं बरंचसं हातानं चाचपूनच ओळखलं. तुम्हीही चाचपा. डेकची फळी. कठडा. मालाच्या दाराची चौकट. आत हात घाला. बोटांना लागतात खोडं, शेकड्यांनी, रचलेली, जशी थॉम्प्सनला रचली होती तशीच. काहींवर अजून सुया आहेत. साठ वर्षं झाली.

हे कसं टिकलं? समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा असतो, दहा-वीस वर्षांत तो तुळयाही खाऊन टाकतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. वर थंडी आणि अंधार. खारट पाण्यात ही बोट केव्हाच संपली असती. झाडं तर पहिल्याच काही वर्षांत. आता मात्र दुसरंच संकट आलंय. बाहेरून आलेले क्वागा शिंपले गेल्या काही दशकांत मिशिगन तलावाच्या तळावर पसरले आणि जुन्या जहाजांच्या प्रत्येक फळीवर त्यांचे थर चढले. 2007 मध्ये हे स्थळ अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं आणि 2021 पासून ते एका संरक्षित सागरी क्षेत्रात आहे. इथली फळी, खोड, काहीही हलवायला किंवा काढून न्यायला आता परवानगी नाही. शिंपल्यांना मात्र कायदा लागू होत नाही.

2006 मध्ये विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या पाणपुरातत्त्वज्ञांनी सगळं जहाज मोजून काढलं. त्यांच्यासोबत नाळेपाशी या. नांगराची साखळी, डोलकाठ्या, दोरखंड असं सगळं नाळेच्या पुढच्या बाजूला पडलंय. म्हणजे जहाज नाक खाली घालून गेलं, तळावर आपटलं आणि वरचं सगळं पुढे कोसळलं. आता उलट्या टोकाला, सुकाणूपाशी. तिथं चाक नाही. ते 1999 मध्येच एका मासेमाराच्या जाळ्यात सापडलं होतं, इथून दीडेक मैल उत्तरेला. बुडायच्या आधीच चाक तुटून पाण्यात गेलं होतं. बहुधा मागच्या शिडाचा आडवा दांडा सुटून त्याच्यावर आदळला असावा. हे अनुमानच आहे, पण ते बरोबर असेल तर शेवटचा दीड मैल ही बोट सुकाणूशिवाय धावली. पोटात आणि डेकवर झाडं, झाडांवर बर्फ, नाळ जड, आणि वळवायला काही नाही. सॉगींची बोट तेव्हा त्याच पाण्यात कुठंतरी अंधारात शोधत होती.

दर डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकी तटरक्षक दलाचं 'मॅकिनॉ' हे बर्फफोडं जहाज आता शिकागोच्या नेव्ही पिअरला झाडं घेऊन येतं. 2000 पासूनची प्रथा आहे. वाटेत पाण्यावर हार सोडतात, झाडं गरजू घरांना वाटतात. चांगलं काम आहे आणि गर्दीही होते. पण मला तुम्हाला न्यायचंय ते परत क्लार्क स्ट्रीटला, 1920 च्या दशकातल्या कुठल्याही डिसेंबरात.

कारण बार्बरानं धंदा बंद केला नाही. 1912 च्या त्याच नाताळात, नवऱ्याचा पत्ता लागलेला नसताना, एल्सी आणि ती विक्रीला उभ्या राहिल्या. एल्सी वीस वर्षांची होती. पुढची काही वर्षं बार्बरा स्वतः स्कूनरनं झाडं आणत राहिली. मग तिनं झाडं आगगाडीनं मागवायला सुरुवात केली आणि ती धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या डेकवर मांडून विकली, कारण लोकांना झाड जहाजावरूनच हवं होतं. 1933 मध्ये ती वारली तोवर वीस वर्षं हे चाललं.  तिचं कर्तृत्व त्या बुडालेल्या फेरीइतकंच मोठं आहे असं मी मानतो, आणि त्यावर कुणी गाणं लिहिलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

फळीवर तशीच बर्फाची कच आहे, जपून उतरा. दिव्यांच्या माळा आहेत. हेझल आणि पर्ल आता मोठ्या झाल्यात, दोघी हार टांगताहेत. बार्बरा झाडाचं खोड धरून तुमच्यासमोर ते एकदा गोल फिरवून दाखवते, कुठल्या बाजूला फांदी कमी आहे ते लपवत नाही. तोडणीची मजुरी, आगगाडीचं भाडं, धक्क्याचं भाडं, सगळं या किमतीत बसवलेलं आहे, तेव्हा घासाघीस करू नका. पैसे मोजून द्या. सुटे असले तर बरं, मागे रांग आहे.